मामा, तुमचं पोट कसं आहे?

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा नमस्कार. वाकून घातला असं समजावं (खरंच वाकलो तर पळावं लागतं). मामींचा गुडघा कसा आहे? तुमचं पोट? पोटाबद्दल जरा सविस्तर कळवा, उगाच विचारत नाही.

मी छापखान्यात कागदाचे गठ्ठे बांधतो, म्हणजे बांधत होतो. त्याआधी गालिचे धुवायच्या कारखान्यात होतो. तिथला मुकादम झोपेतही शिट्टी वाजवायचा, पण ते राहू दे. तिथे घसा धरला, डॉक्टरने सात दिवसांच्या, जंतू मारायच्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांत बरं वाटलं, उरलेल्या गेल्या माझ्या बिस्किटांच्या डब्यात. तो डबा तुम्ही पाहिलाय. दाढेच्या, कानाच्या, जिथे जिथे राहिलो तिथल्या उरलेल्या गोळ्या त्यात. शिंक आली की डबा उघडायचा आणि हाताला येईल ती गिळायची. माणसाने तयारीत असावं, असं तुम्हीच म्हणायचात (छत्रीबद्दल म्हणायचात, मान्य).

दोन महिन्यांपूर्वी पोट बिघडलं ते बिघडलंच. दिवसातून पंधरा वेळा. आमच्या मजल्यावर सहा खोल्यांना एक संडास, कडी लागत नाही, म्हणून आत बसून गाणं म्हणावं लागतं. आता माझी सगळी गाणी संपली. अकरा किलो वजन उतरलं, पँट सुतळीने बांधतो. दोनदा औषध झालं, दोनदा बरा झालो, दोनदा उलटलं.

मग मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी समजावलं. म्हणे आपल्या आतड्यात कोट्यवधी भले जंतू नांदत असतात. पचवायला मदत करतात, वाईटांना शिरू देत नाहीत. मी गोळ्या घालून ती वस्तीच उठवली, आणि मोकळ्या जागेत एक गुंड येऊन बसलाय. गुंड भाडं देतो का, असं मी विचारलं. बाई हसल्या नाहीत. मामा, मी विनोद केला आणि डॉक्टर हसला नाही, की माझे हातपाय गार पडतात. त्या एवढंच म्हणाल्या, "आता पुन्हा चिघळलं तर आतडं कापावं लागेल. तेही वेळेत आलास तर."

हे पत्र जिन्यात बसून लिहितोय, संडासाच्या दारापासून लांब जायची हिंमत होत नाही. इथे सारखे तुम्ही आठवता. रोज सकाळी सहा दहाला संडासातून बाहेर येऊन सगळ्या घराला ऐकू जाईल असं "साफ!" म्हणणारे. पाहुण्यांसमोर मी त्याची नक्कल करायचो. चुकलो.

तुमचा (उरलेला) भाचा

ता.क. उपाय आहे. धडधाकट माणसाकडून भल्या जंतूंची वस्ती आणून माझ्यात वसवायची. कशातून आणायची ते लिहायला लाज वाटते. तुम्ही रोज सहा दहाला जे सोडून देता, त्यातून. आधी तुमची सगळी तपासणी करतील, मग ते गाळून नळीने माझ्या आतड्यात. नात्यात चांगल्या पोटाचं कोण, असं बाईंनी विचारलं आणि माझ्या तोंडून आपोआप "मामा" निघालं. याल ना?

ता.क. दुसरा. देणाऱ्याने गेल्या तीन महिन्यांत जंतू मारायची एकही गोळी घेतलेली नसावी, ही अट आहे.

ता.क. तिसरा. माझा डबा इथे सापडत नाही. अडीच महिन्यांपूर्वी तुमच्याकडे आलो होतो, तुम्हाला खोकला होता, आणि निघताना मी तो तुमच्या उशाशी ठेवून "हाताला येईल ती घ्या" म्हणालो होतो. मामा, तुम्ही जन्मात माझं एक अक्षर ऐकलं नाहीत. तेव्हाही ऐकलं नसेल ना?