गोड पाण्यात चिमूटभर मीठ

नाशिक,
१२ फेब्रुवारी १९९९

चि. सुधास ताईचे आशीर्वाद.

मी इथे सुखरूप आहे, काळजी करू नकोस. हे गेल्यापासून आल्हाद मला एकटं सोडत नाही, आणि सूनबाई तेजश्रीही काही कमी पडू देत नाही. तुझी कंबर कशी आहे?

एक लाजिरवाणी गोष्ट झाली, ती तुलाच लिहिते. इथलं पाणी गोड आहे, सगळे नावाजतात. पण माझी तहानच भागत नाही. सारा संसार खाडीकाठच्या आपल्या विहिरीच्या मचूळ पाण्यावर झाला. म्हणून मी पेल्यात चिमूटभर मीठ टाकून पिऊ लागले.

काल तेजश्रीने पाहिलं. "आई, बीपीच्या गोळ्या घेता आणि पाण्यात मीठ?"

"गुळण्यांसाठी आहे गं," म्हटलं, आणि तिच्यासमोर मोरीत उभी राहून गुळण्या केल्या. खोटं बोलू नका, असं शाळेत मुलांना शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली!

उरलेला पेला आल्हादने उचलला, घोट घेतला आणि हळूच म्हणाला, "आई, आपल्या विहिरीचं इतकं खारट नाही. बाबांनी ओतून दिलं असतं."

मला मान वर करवेना. एवढ्या मायेने आणलंय गं त्याने मला.

"परत जायचंय का?" त्याने विचारलं. मी नाही म्हणाले. तेव्हाही खरं बोलवलं नाही.

घराची चावी तुझ्याकडे आहेच. विहीर मात्र कुणाकडून तरी रोज थोडी उपसून घेत जा. वापर थांबला की पाणी खराब होतं.

तुझी,
विमलताई