शेवटच्या रिळात सगळे सापडतात

आई,

‘नाही सापडला’ या दोन शब्दांची खरी किंमत आज बसून काढली. बारा वर्षं, एक चुकवलेला गणपती आणि सत्तावीस सिनेमे. सिनेमांच्या आकड्यात एक-दोन इकडेतिकडे होतील, कारण त्या सगळ्यांची गोष्ट एकच होती आणि आठवायला गेलं की ते एकमेकांत मिसळतात. एकात पोरगा जत्रेत हरवतो, दुसऱ्यात नाव उलटते, तिसऱ्यात गाडी सुटते आणि मूल फलाटावर राहतं. मग आई रडते, मूल कुठेतरी परक्या घरी मोठं होतं, आणि शेवटच्या रिळात ताईत, अंगाई नाहीतर भाजल्याचा डाग असं काहीतरी निघून सगळे एकमेकांच्या गळ्यात पडतात. सत्तावीसही वेळा तू माझ्या डाव्या हाताला बसली होतीस, पदर घट्ट धरून, चपला काढून पाय वर घेऊन. तुला जाऊन सतरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी हे कागदावर आणलं नाही, आणि आजही आणतो आहे ते धीर आला म्हणून नव्हे. गेल्या आठवड्यात जुना माल म्हणून त्यातलंच एक चित्र परत लागलं, आणि मी दारापर्यंत जाऊन आत न शिरता परत आलो.

शेहेचाळीसच्या ऑगस्टमध्ये शहरात दंगल पेटली तेव्हा आपला धाकटा एकोणीस वर्षांचा होता. कॉलेज स्ट्रीटच्या बाजूला एका मित्राकडे पुस्तक आणायला म्हणून सकाळी गेला तो आला नाही. पाचव्या दिवशी समोरच्या घरातले वकीलबाबू माझ्याबरोबर आले. घरातला कर्ता पुरुष म्हणजे मी, कारण बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. वकीलबाबूंनी कुणाकुणाला गाठून मला प्रेतं ठेवली होती तिथपर्यंत नेलं. ते दाराशीच थांबले, नाकाला रुमाल लावून. मी आत गेलो. ओळखायला मला क्षणही लागला नाही. हे मी पुढे वकीलबाबूंना कितीदा तरी सांगितलं, आणि खरं सांगायचं तर थोडं ऐटीतच सांगितलं, की एवढ्या रांगांमध्ये मी सरळ त्याच्यापाशी जाऊन उभा राहिलो. नीमतल्याच्या घाटावर अग्नी दिला, गंगेत बुडी मारली, आणि ओल्या केसांनी भवानीपूरला घरी चालत आलो.

तू दारातच होतीस. तो क्षण अजून जसाच्या तसा आहे: तुझ्या हातात पोळपाट आहे, कशासाठी ते तुलाही माहीत नाही, वरच्या मजल्यावर कुणीतरी कोळसा फोडतं आहे, आणि तू विचारतेस, “सापडला का रे?”

“नाही सापडला,” मी म्हणतो.

सकाळी सांगू, असं माझ्या मनात होतं. देवाशपथ, सकाळीच सांगणार होतो. पण तू पोळपाट खाली ठेवलास आणि म्हणालीस, “नाही सापडला म्हणजे आहे. भूक लागली असेल पोराला.” त्यानंतर सकाळ झाली ती माझ्या उपयोगाची राहिली नाही.

मी तेव्हा धर्मतल्यावरच्या एका वितरक शेठजींकडे प्रतिनिधी होतो. नाव भारी, काम साधं. सिनेमाच्या पेट्यांबरोबर गावोगावच्या थेटरांत जायचं आणि थेटरवाला खरी तिकिटं किती फाडतो आणि आपल्याला किती सांगतो त्यावर डोळा ठेवायचा. आज बराकपूर, उद्या बजबज. डोळा ठेवायला गेलो आणि उपयोगाला आले कान. माझे कान तिखट, हे तूच लहानपणापासून सगळ्यांना सांगायचीस. बजबजला चटकलमधले, म्हणजे तागाच्या गिरणीतले, कामगार सिनेमाला यायचे. मी मागे भिंतीला टेकून डोळे मिटून उभा राहायचो, आणि खोकला कुठे वाढतो, विडी कुठे पेटते, बाकं कुठे करकरतात यावरून चित्र कुठे चालतं आणि कुठे अडतं ते मला कळायचं. आई आणि मूल भेटायची वेळ आली की अख्खं थेटर श्वास धरायचं. भाषा कळो न कळो. हे मी शेठजींना जाऊन सांगितलं. ते पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेत म्हणाले, “तो फिर यही ख़रीदो. कहानी वही रहे, बस मेला बदल दो.” दहा वर्षांत मी प्रतिनिधीचा भागीदार झालो तो या एका वाक्यावर. आपल्या घरातलंच दुःख मी गावोगाव भाड्याने लावत होतो, हे मला तेव्हा सुचलं नाही असं नाही. सुचलं, आणि मी ते बाजूला ठेवलं.

तुला पहिल्यांदा नेलं ते त्याच हिवाळ्यात. तू जेवत नव्हतीस. वकीलबाबूंची बायको येऊन “माशीमा, दोन घास” म्हणून पुढ्यात बसायची, तिचंही ऐकत नव्हतीस. दुपारी दलालांसाठी खेळ होता, थेटर जवळजवळ रिकामं. त्या चित्रात दोन भाऊ नदीच्या पुरात वेगळे होतात. शेवटी भेटतात तेव्हा मी तुझ्याकडे चोरून पाहिलं. तू माझ्याकडेच बघत होतीस. घरी येऊन तू वरणभात खाल्लास, वर ताक मागितलंस. मला वाटलं, औषध सापडलं. मग मी ते देतच राहिलो.

ट्रॅममध्ये परत येताना तू त्या सिनेमांची जी फजिती करायचीस ती शेठजींनी ऐकली असती तर धंदाच सोडला असता. एकदा म्हणालीस, “त्या बाईला डोळे नाहीत का रे? पोटचा मुलगा समोर उभा राहून पाणी मागतो, आणि हिला ताईत बघायला लागतो.”

“सिनेमा आहे, आई.”

“असू दे. ताईत दुसऱ्या कुणाच्या गळ्यात असता तर? त्यालाच घरी नेऊन जेवायला वाढलं असतं का हिने?”

पुढच्या बाकावरच्या दोन बंगाली बायका आपल्याकडे वळून बघत होत्या, कारण तू हसत होतीस. मीही हसलो. तू हसलीस की माझा तो दिवस निभायचा. शेठजी विचारायचे, “माँजी ने क्या कहा?” आणि मी सांगायचो, माँजींना आवडलं, घ्या.

मग बारा वर्षं झाली आणि सांगलीहून मामाचं पत्र आलं. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, नंतर दर्भाचा पुतळा करून त्याचं क्रियाकर्म उरकायचं, नाहीतर त्याला गती नाही; ताईला समजावून सांग, असं त्यात होतं. ते पत्र मी तीन दिवस खिशात घेऊन हिंडलो. चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसलो. तू विळीवर परवर चिरत होतीस.

“मामाचं पत्र आलंय,” मी म्हटलं.

“वाचलं मी. सदरा धुवायला टाकलास, त्यात होतं.”

“मग? भटजींना विचारू?”

“कशाला? एकाच माणसाला किती वेळा जाळणार आहेस?”

तुझा हात थांबला नाही. परवराच्या चकत्या ताटात पडत होत्या, तशाच पडत राहिल्या. मला वाटलं, वकीलबाबू बोलले असणार. तसं मी विचारलंही.

“त्यांनी कशाला सांगायला हवं? त्या बिचाऱ्याने बारा वर्षं माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. तू दहा दिवस देवांना हात लावला नाहीस. ऑफिसला उशीर होतो म्हणालास. ट्रॅम बंद, ऑफिसला कुलूप, आणि ह्याला उशीर होतोय. कुमारटुलीला मूर्ती सांगून ठेवली होती, ती आणायला नको म्हणालास. कर्फ्यू आहे म्हणे. लढाईतल्या ब्लॅकआऊटमध्ये खिडक्यांना काळे कागद लावून आरती केली तेव्हा झांजा कोण बडवत होतं? तू कर्फ्यूला भिऊन गणपती चुकवणार होय? सुतक पाळत होतास मेल्या, आणि मला सांगायचं तेवढं राहिलं.”

तूच पुढे म्हणालीस, “मीही पाळलं. दहा दिवस घरात फोडणी दिली नाही मी. एवढे तुझे तिखट कान, कढईचा आवाज बंद झालाय हे ऐकू आलं नाही?”

नाही आलं, आई. हजार माणसांचा श्वास ऐकणाऱ्याला स्वतःच्या घरातली कढई ऐकू आली नाही.

“मग बोलली का नाहीस?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता, जणू फसवणूक तू केली होतीस.

“तू बोलशील म्हणून. पण तू बोलायच्या ऐवजी सिनेमाला न्यायचास. दर वेळी तोच सिनेमा. मी म्हटलं, ह्याला भाऊ सापडलेला बघायचाय. बघू दे. एकट्याने कशाला बघायचा, म्हणून यायची मी.”

मग तू विळी आडवी केलीस. हात पदराला पुसलेस. आणि बारा वर्षांत एकदाही न विचारलेलं विचारलंस. “कसा होता रे?”

“झोपल्यासारखा.”

“कुठे लागलं होतं?”

“कुठे नाही.”

तू माझ्याकडे बराच वेळ पाहिलंस. म्हणालीस, “हे सिनेमातलं झालं.” आणि विळी परत उभी करून, “बरं. असू दे.” त्या वर्षी सर्वपित्रीला तू त्याचं नाव भटजींना मोठ्याने घ्यायला लावलंस. त्याची ट्रंक उघडलीस. पुस्तकं वकीलबाबूंच्या धाकट्याला दिलीस, कपडे सियालदाच्या फलाटावर राहणाऱ्या निर्वासितांना. माझ्याबरोबर सिनेमाला परत आली नाहीस. पुढची तीन वर्षं तू शांत होतीस, आणि तशीच गेलीस. सगळे म्हणाले, बाई सुखाने गेली.

ह्याचंच मला उमजत नाही काय करावं. तू माझ्या सुतकावरून ओळखलंस. दुसरा पुरावा तुझ्याकडे नव्हता आणि तू मागितलाही नाहीस, कारण पोरगा देवाला शिवत नाही म्हणजे त्याने डोळ्यांनी पाहिलं असणार. तू जेवढा विश्वास माझ्या वागण्यावर ठेवलास तेवढा मी स्वतः कधीच कशावर ठेवला नाही. तू गेल्यावर मी ती गोष्ट विकत घेणं बंद केलं. भागीदार म्हणाला, “दादा, कान गेले का तुझे?” मी म्हटलं, गेले. पण काम काढून बराकपूरला जाणं मात्र बंद झालं नाही. परत येताना सियालदाला लोकल रिकामी होते तेव्हा मी फाटकाशी उभा राहतो आणि माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान दिसणारे बाप्ये बघतो. आता तो पन्नाशी ओलांडलेला असेल. टक्कल पडलं असेल, बाबांसारखं. बायकोला वाटतं, मी चहा पिऊन येतो म्हणून उशीर होतो.

हे पत्र गंगेत सोडावं असं आधी मनात आलं. पण त्यालाही सिनेमाचाच वास यायला लागला, म्हणून राहू दे. पाकीट आणलेलं नाही, पत्ता नाही. टेबलावरच्या कागदांत जाईल आणि माझ्यामागे पोरं रद्दीत घालतील. त्यांना मराठी बोलता येतं, एवढं लांब वाचता येत नाही.

‘कसा होता’ म्हणून तू विचारलंस, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. मला माहीत नाही, आई. तोंडावर फडकं होतं. तिथल्या माणसाने ‘उचलू का’ म्हणून विचारलं आणि मी नको म्हटलं. मी फक्त अंगातला कपडा पाहिला, निळ्या रेघांचा, त्याचा होता तसाच. ते कंट्रोलचं कापड होतं. त्या वर्षी रेशनच्या दुकानात दुसरं कापड आलंच नव्हतं, आणि आपल्या गल्लीतल्या निम्म्या पोरांनी त्याचेच सदरे शिवले होते.