छोट्या लोडरकडून बाबांच्या अपेक्षा

लोअर बार्टन, नोव्हा स्कोशा
शुक्रवार, उद्या भोपळ्यांची वजनं

ती. गार्नेटमामांना डॉर्कसचा सविनय नमस्कार.

तुमची प्रकृती कशी आहे? आईने विचारलं आहे की गुडघ्यासाठी दिलेला लेप तुम्ही लावता की बाटली तशीच खिडकीत उभी आहे. (खिडकीत असेल तर तिला कळवू नका, मलाही कळवू नका. म्हणजे तिने विचारलं तर मला खोटं न बोलता गप्प राहता येईल.) विनीमामींना सांगा की त्यांच्या क्रॅनबेरींची जेली छान लागली. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. हे वाक्य लिहून मी जरा थांबले, कारण त्यातला 'सर्व' हा शब्द आज मोठा वाटतो. आमच्याकडे बरंचसं क्षेम आहे.

तुम्ही जूनपासून इकडे फिरकला नाहीत, म्हणून सगळं क्रमाने सांगते. दर वर्षी बाबांचा भोपळा आमच्या मळ्यातून फायर हॉलच्या वजनकाट्यापर्यंत तुमचा मोठा ट्रॅक्टर नेतो हे गावाला ठाऊक आहे, आणि एखाद्याला नसेलच ठाऊक तर तुम्ही काट्याजवळ उभं राहून त्याला सांगता. (ही तक्रार नाही. तुमचे उपकार आहेत आणि उपकाराबद्दल बोलायचा हक्क उपकार करणाऱ्याला असतो असं आईने मला शिकवलं आहे. बाबांना बहुधा वेगळ्या शाळेत शिकवलं असावं.) गेल्या वर्षी वजनाच्या स्पर्धेत भोपळ्याचा तिसरा नंबर आला आणि वर्तमानपत्रात फोटो छापून आला. फोटोत तुमचा ट्रॅक्टर होता, तुम्ही होता, भोपळ्याचा बराचसा भाग होता आणि उजव्या कडेला बाबांचं कोपर होतं. आईने तो कापून फ्रिजवर लावला. बाबांनी हिवाळाभर दूध बाहेरच्या पडवीत ठेवलं.

वसंतात त्यांनी तो छोटा ट्रॅक्टर घेतला. पुढे दोन लोखंडी हात आणि हातांच्या टोकाला बकेट, म्हणजे लोडर, हे त्याचं मुख्य आकर्षण. माहितीपत्रकातल्या चित्रात एक हसतमुख माणूस त्या बकेटमधून काळीभोर माती नेतो आहे. माती हा त्या चित्रातला महत्त्वाचा मुद्दा होता, पण बाबांनी हसण्याकडेच लक्ष दिलं. मग जूनमध्ये चर्चच्या स्ट्रॉबेरी सपरला, सगळं गाव जेवायला जमलेलं असताना, ते मुद्दाम ट्रॅक्टरवर बसून गेले, आणि तुम्ही त्याच्याभोवती एक चक्कर मारून सगळ्यांसमोर म्हणालात, "छान आहे रे वेंडेल. मोठेपणी काय होणार म्हणतोय?" लोक अजून हसतात. बाबा तेव्हापासून तुमचं नाव घेत नाहीत. तुमच्याबद्दल बोलायचं झालं तर 'तुझ्या आईच्या माहेरचे' म्हणतात, आणि आजी-आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली असल्यामुळे त्यात आता तुम्हीच उरता.

मला त्या ट्रॅक्टरवर अन्याय करायचा नाही. खत, खडी, ओली पानं, सरपणाची फाटी, गेल्या एप्रिलचा अवेळी बर्फ, हे सगळं त्याने निमूटपणे इकडून तिकडे नेलं. त्याच्या ताकदीची कामं तो करतो. बाबांच्या मनातली कामं वेगळी असतात. उन्हाळ्यात त्यांनी बकेटने जुन्या एल्मच्या झाडाचा बुंधा उपटायला घेतला. बुंधा आहे तिथेच आहे, बकेटची कड मात्र डाव्या बाजूने वर वळली आहे आणि ते लोखंड समोरून पाहिलं तर कुत्सित हसल्यासारखं दिसतं. पुढे कुंपणाजवळचा धोंडा झाला, मग बदकांसाठी तळं खणायचं झालं. (तळं झालं नाही. पण खळग्यात पाणी साचतं आणि बदकांनी ते मोठ्या मनाने मान्य केलं आहे.) मी एकदा सहज म्हटलं की लोडर हा उचलणारा असतो, खणणारा नसतो. बाबा म्हणाले, "हात आहेत ना त्याला? मग जे सांगू ते करेल."

आता भोपळ्याकडे येते. तुम्ही यंदाचा पाहिलेला नाही. तो खरोखर सुंदर झाला आहे, फिकट केशरी, एका अंगाला जरा बसका, दमून सोफ्यावर टेकलेल्या माणसासारखा. आपल्याकडे वजन आधी करता येत नाही, फीत घेऊन आडवं, उभं, वरून मोजायचं आणि तक्त्यात बघायचं, हे तुम्हाला मी काय सांगणार. बाबांनी मोजलं आणि तेराशे पौंड आलं. तेराशे म्हणजे यंदा पहिला नंबर, शेजारच्या क्लिफर्ड हिल्ट्झच्या भोपळ्याच्यासुद्धा वर. हे त्यांनी फीड स्टोअरमध्ये सांगितलं, चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलं, आणि दात साफ करून घेताना तोंडात डॉक्टरांची हत्यारं असतानाही सांगितलं. मग मी ट्रॅक्टरचं माहितीपुस्तक उघडून दाखवलं की लोडर नऊशे उचलतो. बाबांनी पुन्हा फीत घेतली, या वेळी जरा आवळून, आणि म्हणाले की तक्ते नेहमीच फुगवलेले असतात, भोपळा नऊशेच्या वर नसणार. तेव्हापासून आमच्याकडे एकाच वेलीला एकच भोपळा आहे, पण माणसांसमोर तो तेराशेचा आणि ट्रॅक्टरसमोर नऊशेचा. फीड स्टोअरहून परत येता येता, बहुधा पुलाच्या आसपास, त्याचं चारशे पौंड वजन उतरतं.

मी म्हटलं, "बाबा, ते नऊशेसुद्धा पिनपाशी मोजलेले आहेत. म्हणजे जिथे बकेट हातांना जोडलेलं असतं तिथे. भोपळा त्याच्या पुढे हातभर लटकणार. जितका पुढे जाईल तितका जड होईल."

"भोपळ्याला काय माहीत पिन कुठे आहे?"

"आणि जितका उंच न्याल तितकी ताकद कमी होते. जमिनीलगत उचलला जाईल कदाचित, पण ट्रेलरच्या फळीपर्यंत नाही जाणार."

"लिओटा," बाबा आईला म्हणाले, "हिला घरी शिकवलं ही आपली चूक. शाळेत गेली असती तर अर्धं विसरली असती."

आई म्हणाली, "पोर पुस्तक वाचून दाखवतेय, वेंडेल. तुझ्याशी भांडत नाहीये."

मग मी मागच्या वजनाचा विषय काढला. (मला ठाऊक आहे की मी थांबायला हवं होतं. पण अर्धीच सूचना वाचून दाखवली तर ती न वाचण्यापेक्षा वाईट, असं मला वाटतं.) पुढे ओझं घेतलं तर ट्रॅक्टरच्या मागे तितकंच काहीतरी जड अडकवावं लागतं, नाहीतर मागची चाकं जमीन सोडतात. त्यासाठी एक पेटी मिळते, ती सिमेंटने भरायची. दुकानदाराने ती दाखवली होती. बाबा त्याला म्हणाले होते की ट्रॅक्टर घेतला तेव्हा मागचा भाग सोबत आलाच होता, वेगळा नको. दुकानदार चांगला माणूस आहे, त्याने हुज्जत घातली नाही. मला कधी कधी वाटतं त्याने घालायला हवी होती.

आज सकाळी, चहा आणि ओटकेक झाल्यावर, आम्ही मळ्यात गेलो. बाबांनी देठ कापला. उन्हाळाभर त्यांनी त्या भोपळ्यावर दुपारी चादर धरली आहे, थंडीत गोधडी घातली आहे, त्याच्या खालची वाळू बोटांनी सारखी केली आहे. एक चीर गेली की तो स्पर्धेतून बाद, मग तेराशे असो की तीन हजार. आम्ही पट्टे नीट बांधले, वरची कडी बकेटला अडकवली, आणि बाबांनी दांडा ओढला. यंत्रातून एखाद्या म्हाताऱ्या माणसाला खुर्चीतून उठवावं तसा आवाज आला. पुढची चाकं चपटी झाली. आणि मामा, भोपळा उचलला गेला. जमिनीपासून वीतभर. बाबांच्या चेहऱ्यावर मी तसा आनंद माझ्या बाप्तिस्म्यालाही पाहिला नव्हता.

तेवढ्यात मागची चाकंही उचलली गेली. ट्रॅक्टर कुणाला तरी वाकून नमस्कार करावा तसा पुढे झुकला आणि बाबा एकदम आपल्या बुटांच्या दिशेने पाहू लागले. त्यांनी आवाज चढवला नाही. मीठ मागावं तशा आवाजात म्हणाले, "लिओटा, जरा मागे बसतेस का? डॉर्कस, तूपण ये." आई हातातल्या शेंगांच्या परातीसकट बसली, मी बसले, चाकं टेकली. (माहितीपुस्तकात नेमकं हेच चित्र आहे आणि त्याच्यावर तांबडी फुली आहे. चित्रातल्या बाईकडे परात नाही, एवढाच फरक.) बाबा वळून म्हणाले, "बघितलंस? उचललं ना?" मी हो म्हटलं, कारण उचललं होतं. मग आम्ही हळूहळू ट्रेलरकडे निघालो.

एवढंच कळवायचं होतं. मामींना नमस्कार, तुमच्या म्हाताऱ्या मांजराला आठवण.

तुमची आज्ञाधारक भाची,
डॉर्कस

ता. क. आईने मला शिकवलं आहे की पत्राच्या मजकुरात मागणं घालू नये, त्याने वाचणाऱ्याला वाटतं की प्रकृतीची चौकशी त्यासाठीच केली. म्हणून खाली लिहिते. आम्ही ट्रेलरपर्यंत पोचलो नाही. वाटेतल्या मोरीपाशी पुढची चाकं कडेच्या मऊ मातीत रुतली. भोपळा आत्ता चारीवर लटकतो आहे आणि खाली तुम्हीच तीन वर्षांपूर्वी आणून टाकलेले टोकदार दगड आहेत. मागे घ्यावं तर मागची चाकं नुसती फिरतात, वर घ्यावं तर आम्ही दोघी हवेत जातो. आम्ही उतरलो तर भोपळा दगडांवर जाईल. हे सगळं पत्र मी ट्रॅक्टरच्या मागे बसून, आईच्या परातीची पाठ टेबल म्हणून वापरून लिहिलं आहे. (शेंगा आईच्या अ‍ॅप्रनमध्ये आहेत.) अक्षर हललं असेल तर क्षमा असावी. तुमचा मोठा ट्रॅक्टर घेऊन येता का?

दुसरा ता. क. फोन का केला नाही असं तुम्ही म्हणाल. बाबांनी जाताना बजावलं, "गार्नेटला फोन करायचा नाही." पत्राबद्दल ते काही बोलले नाहीत. मी बराच वेळ विचार केला की हा आज्ञाभंग होतो का. आई म्हणाली, "विचार कर, पण लिहिता लिहिता कर." बाबा हिल्ट्झ्‌कडे गेले आहेत, 'ट्रॅक्टर बघायला' चार जण मिळतात का ते पाहायला. एकही मिळणार नाही, सगळे आपापले भोपळे चढवताहेत.

तिसरा ता. क. हेही पुस्तकात आहे की यंत्र बंद केलं की लोडरचे हात आपोआप, अगदी सावकाश, खाली येतात. दगडांपासून वीतभर अंतर होतं ते आता चार बोटं आहे. कृपया यातून घाई करावी असा अर्थ काढा.

चौथा ता. क. टपालवाल्या बर्नाडेटबाई गाडी घेऊन आल्या, तेव्हा मी त्यांना हे पत्र तुमच्याकडे पोचवाल का म्हणून विचारलं. त्या तयार होत्या. पण तेवढ्यात बाबा एकटेच परत आले आणि त्यांनी बर्नाडेटबाईंना जरा मागे बसता का म्हणून विचारलं. त्या चांगल्या भरीव बांध्याच्या असल्यामुळे ट्रॅक्टर एकदम निवांत झाला आहे, पण आता त्यांनाही उतरता येत नाही. त्यांची गाडी सरकारी टपालाने भरलेली आहे, म्हणून तिची किल्ली त्या कुणाला देत नाहीत. आमची पिकअप ट्रेलरला जोडलेली मोरीच्या पलीकडे उभी आहे, आणि वाटेत आम्ही.

बाबांनी विचारलं, कुणाला लिहितेस. मी खरं सांगितलं. त्यांनी वाकून भोपळ्याखालचं अंतर बोटांनी मोजलं. मग म्हणाले, "टपाल आहे ना ते? टपाल अडवून ठेवणं बरं नाही." आई म्हणाली, "नाहीच मुळी." आणि तिने तुम्हाला निरोप सांगितला आहे की जूनमध्ये हसलास तेवढं पुरे.

तेव्हा मामा, हे पत्र तुम्हाला बाबाच आणून देतील. पायी येतील. ते काही मागायला आलेले नसतील, फक्त टपाल द्यायला आलेले असतील, आणि तुम्ही वाचत असताना दारात उभे राहून हवेबद्दल बोलतील. तुम्ही काही विचारू नका. ट्रॅक्टर काढा आणि त्यांना म्हणा, त्याच बाजूला निघालोय, बस वर. ते नको म्हणतील. दुसऱ्यांदाही नको म्हणतील. तिसऱ्यांदा विचारा.