पांढरे डोंगर

शनिवार, संध्याकाळ. सदर मोहल्ला.

पाठ पार भरून आली आहे. आठ दिवसांपासून चर्चच्या हॉलची भिंत रंगवून राहिले मी. विषय देवाची सृष्टी. कॅलेंडर समोर ठेवून बर्फाचे पांढरे डोंगर काढले. जमले, असंच वाटत होतं. आज हॉलमध्येच चाललेला गाण्याचा सराव सोडून चर्चच्या गायकवृंदातली मार्था मावशी माझ्या मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "अच्छा है, बेटा. पण देवानं आपल्या इकडे काहीच नाही बनवलं काय?"

राग आला. दिवसभर शाळेत शिकवा, मग ही भिंत, आणि वरून हे ऐका. आता सगळे डोंगर पुसू? तेवढं त्राण तरी आहे काय अंगात? पण खरंच, बर्फ मी पाहिलाय कुठे?

पुसले नाहीत. पायथ्याशी फक्त आपली नर्मदा काढली, हिरवट, संथ. तेच पांढरे डोंगर इथल्या जवळच्या भेडाघाटचे संगमरवरी कडे झाले.

मागे गाणं चालूच होतं, त्यात परत गेलेल्या मावशीचा आवाज तेवढा थांबला. वळून पाहिलं. हॉलमध्ये आम्ही सगळे चपला घालूनच वावरतो. मावशीने ओल्या भिंतीसमोर आपल्या काढून ठेवल्या, आणि पुन्हा गायला लागली.