माधवनगरची हडळ आमच्या मळ्यात

मु. पलूस
चैत्र वद्य तृतीया, सन १९४६

तीर्थस्वरूप सुभेदार मानसिंगमामा यांच्या चरणी भाचा जोतीराम याचा दंडवत. इकडे सगळे खुशाल असून तुमच्या गुडघ्याची चौकशी आई दिवसातून दोनदा माझ्याकडे करते (गुडघा तुमचा, पलटण बेळगावात, आणि उत्तर मी द्यायचं). लढाई संपली तरी दादाला (म्हणजे तुम्हाला) रजा का नाही, हे सरकारला विचारायचं तिच्या मनात आहे. तेव्हा गुडघ्याचं सविस्तर कळवावं, म्हणजे सरकार वाचेल.

आता हकीकत. शिमग्यानंतर गावाबाहेरच्या माळावर लालासाहेब नावाच्या गृहस्थांचा तंबूतला सिनेमा आला. त्यांनी तीन पिच्चर आणले, तिन्ही भुतांचे. मी तिन्ही बघितले, म्हणून अधिकारानं लिहितो. पहिल्यात पिंपळावरचा मुंजा होता. झाड लिंबाचं होतं ते सोडा, पण मुंजानं उडी मारली की त्याच्या कमरेची दोरी दिसायची आणि दोरी ओढणाऱ्याचं कोपरही दिसायचं. दुसऱ्यात घुबड ओरडायचं आणि ओरडून झालं की खोकायचं. घुबडाला पडसं झाल्याचं मी आजवर ऐकलं नव्हतं. तिसरा पिच्चर विहिरीतल्या हडळीचा, आणि सगळा घोटाळा त्यानंच केला. ही हडळ अंगानं पैलवान, दंडात ताईत. उभी असली की पावलं उलटी आणि पळायला लागली की सुलटी. आमच्या अंजनाला (तुमची भाचेसून) रेशनवर दीड वर्षात एक लुगडं मिळालं, आणि ही बया विहिरीतनं वर येते ती कोऱ्या करकरीत पातळात, पदरावर गिरणीचा शिक्का! बाकीचं पब्लिक डोळे मिटून बसलं होतं म्हणून शिक्का मला एकट्याला दिसला. मी तो मोठ्यानं सर्वांना सांगितला. तेव्हा लालासाहेब स्वतः येऊन मला म्हणाले की तिकीट बघण्याचं आहे, बोलण्याचं नाही.

हा पिच्चर आईनंही माझ्याबरोबर बघितला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंथरुणातून उठली नाही. म्हणाली, पिच्चरमधली विहीर आपलीच, त्याच पायऱ्या, कडेला तेच उंबर, आणि ती बाई मला हाक मारती. देवऋषी आला. त्यानं आईच्या कपाळाला अंगारा लावून सांगितलं की नऊ दिवस हिनं पाणी शेंदायचं नाही, जात्याला हात लावायचा नाही, आणि कोंबडीचा रस्सा द्यायचा. एवढ्यावर भागलं असतं. पण दुपारपर्यंत ही बातमी गावभर झाली. आमच्या विहिरीवर येणाऱ्या बायका लांबच्या ओढ्याला जायला लागल्या. आमचा मोटकरी बिराप्पा हात जोडून म्हणाला की सांगाल ते काम करतो, पण त्या विहिरीवर उभा राहणार नाही. त्याचं बघून दुसराही कोणी येईना. मोट थांबली. मामा, चैत्राचं ऊन आणि दोन एकर ऊस. पाचव्या दिवशी पानांच्या सुरळ्या व्हायला लागल्या. मी बांधावर उभा राहून त्या बघायचो आणि घरी येऊन आईला ताईत, शिक्का, पावलं सगळं परत समजावून सांगायचो. ती ऐकून घ्यायची आणि रश्श्याची वाटी खाली ठेवून म्हणायची, "पिच्चर खोटा आसंल रं, पर हडळ खरी हाय."

यावर एकच उपाय होता. हडळच घरी आणायची. मी सांगलीला गेलो. लालासाहेबांचा तंबू तेव्हा तिथं होता. मला बघताच त्यांचा चेहरा उतरला, पण मी बडबडायला नाही, पत्ता विचारायला आलोय म्हटल्यावर त्यांनी तो आनंदानं दिला. हडळीचं नाव अर्जुना, राहणार माधवनगर, तिथल्या एका गिरणीत मागावर कामाला. भेटला तेव्हा दाराएवढा माणूस, पण आवाज चिमणीचा. त्याला द्रौपदीचं काम म्हणून बोलावलं होतं आणि विहिरीत उतरवलं होतं. माझ्या आईची अवस्था ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. रविवारी सुट्टी होती, पहिल्या गाडीनं तो माझ्याबरोबर आला.

आमच्या अंगणात सारं गाव जमलं. आई घोंगडं पांघरून बसली होती. अर्जुनानं तिचे पाय धरले आणि ती हडळ म्हणजे आपणच, असं सांगितलं. आईचा विश्वास बसेना. मग त्यानं छाती भरून किंकाळी फोडली. म्हशीनं दावं तोडलं, बिराप्पा कडब्याच्या गंजीवर चढला. आई मात्र जागची हलली नाही. त्याच्याकडं बारीक डोळ्यांनी बघत म्हणाली, "ह्येला किंकाळी म्हन्तात व्हय?"

घोंगडं टाकून ती उभी राहिली. म्हणाली, हडळ आधी वरडत न्हाई. आधी मायेच्या माणसाच्या आवाजात हळूच नाव घेऊन बोलावती, आणि ओ दिली न्हाई तर मग वरडती. एवढं सांगून तिनं "अर्जुना, बाळा" अशी हाक मारली आणि पाठोपाठ ती किंकाळी. मामा, बत्तीस वर्षं मी तिचा मुलगा आहे, पण मी अंजनाच्या मागं जाऊन उभा राहिलो. अर्जुना होता तिथंच खाली बसला आणि पाणी मागायला लागला. घरातली घागर रिकामी. आईनंच ती उचलली, विहिरीवर गेली, पाणी शेंदलं आणि आणून त्याला पाजलं. गाव मागोमाग जाऊन मागोमाग परत आलं. मग अर्जुना जेवायला बसला. सातवी भाकरी त्यानं मोडली तेव्हा बिराप्पा गंजीवरनं खाली उतरत म्हणाला, "अशा हडळीला भ्यायाचं न्हाई गड्या, जुंधळा लपवायचा." बायका हसून हसून कोलमडल्या.

त्याच दुपारी मोट सुरू झाली. आज ऊस असा हिरवागार उभा आहे की शेजारचे बांधावर थांबून बघतात. लालासाहेबांनी तोच पिच्चर परत आणला, तंबूत उभं राहायला जागा नव्हती. आई पुढं बसून माझ्याहून मोठ्यानं चुका काढत होती, आणि लालासाहेब तिला एक शब्द बोलले नाहीत. माझी मतं बरोबर होती हे आता सगळं पलूस मानतं. मामींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा आज्ञाधारक,
जोतीराम

ता. क. पत्राचं कारण लिहायचं राहिलं. अर्जुनानं आईची किंकाळी सिनेमा कंपनीत सांगितली. त्यांचा माणूस येऊन गेला. पुढच्या पिच्चरमध्ये हडळीचं काम आईनं करायचं असं ठरलं आहे. पण थोरल्या भावाच्या परवानगीशिवाय ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही. तरी परवानगी उलट टपालानं पाठवावी. माझी परवानगी तिनं मागितलेली नाही.

ता. क. दुसरा. पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, "म्या कवा भ्याले? पस्तीस वरसं पानी शेंदलं, आट दिस पडून रस्सा खावा वाटला. देवऋषीला काय सांगायचं ते म्याच सांगितलं हुतं. तो बिराप्पा येवढा भिईल हे मला काय ठावं?" हे दादाला कळवू नको, असं तिनं बजावलं आहे, म्हणून मी ते या पत्रात लिहिलेलं नाही.