खुर्च्यांखालच्या हार्ड डिस्क

प्रति,
मा. रसेल डॉबिन्स,
खरेदी अधिकारी,
कॉपरवेल काउंटी, मिशिगन राज्य.

विषय : मागितलेला खुलासा, हार्ड डिस्क जमा करण्यास नकार, व आपण येत्या शनिवारी ग्रंथालयात समक्ष उपस्थित राहण्याबाबत.

संदर्भ : आपल्या विभागाची गेल्या सोमवारची नोटीस.

महोदय,

उपरोक्त नोटिशीत आपण मला विचारले आहे की, परवानगीविना खाजगी खरेदी करून ती वस्तू सरकारी संगणकास का जोडली. खुलासा पुढे देत आहे. तो आपल्या नमुन्यातील चार ओळींत मावत नाही, म्हणून वेगळा कागद वापरला आहे.

१. मी काउंटी ग्रंथालयातील स्थानिक इतिहास कक्ष सांभाळते. आपल्या भागातल्या तांब्याच्या खाणींत ज्यांनी आयुष्य काढले, त्यांच्या मुलाखती या कक्षात आहेत. बोलणारे बहुतेक सर्वजण आता हयात नाहीत. मूळ ध्वनिफिती जागा अडवतात म्हणून आपल्याच विभागाच्या आदेशाने मोडीत गेल्या. "दोन हार्ड डिस्कवर दोन प्रती आहेत ना, मग ही अडगळ कशाला?" असे आपण तेव्हा म्हणाला होतात. जानेवारीत त्यांपैकी एक डिस्क बंद पडली. एकच प्रत उरली. त्याच आठवड्यात मी नवीन डिस्कसाठी अर्ज केला.

२. आपण तीन दुकानांची दरपत्रके मागितलीत. मी ती आणली. दुकानदार आठवड्यापलीकडे भाव बांधून द्यायला तयार नव्हते आणि आपली समिती महिन्यातून एकदा बसते. त्यामुळे अर्ज 'दरपत्रकाची मुदत संपली' या शेऱ्यासह परत आला. मी नवी दरपत्रके आणली, तोवर भाव चढले होते. आता शेरा आला, 'मागील दरापेक्षा वाढ का, याचे स्पष्टीकरण द्यावे.' ते स्पष्टीकरण मी दुकानदाराकडे मागितले. तो म्हणाला, "मोठमोठ्या कंपन्या कारखान्यातून माल निघायच्या आधीच उचलतायत. तुमच्या साहेबांना सांगा, आज घेतलं तर महाग पडेल, उद्या घेतलं तर रडवेल." हे मी जसेच्या तसे लिहून दिले. त्यावर 'भाषा कार्यालयीन नाही' असा शेरा आला.

३. मे महिन्यात मी आपल्याला समक्ष भेटले. आपण खुर्चीतून न उठता म्हणालात, "लेम्पी, एवढी घाई कशाला? टीव्हीचे भाव उतरलेच ना? याचेही उतरतील. तुमची ती मेलेली माणसं कुठं पळून चाललीत?" यावर आपल्या खोलीतले दोघे हसले. मी हसले नाही, याची नोंद घ्यावी.

४. सप्टेंबरात उरलेली डिस्क खडखडू लागली. मी पगारातून पैसे काढले आणि शेजारच्या गावात जुने-नवे सामान विकणाऱ्या कर्टिस लाप्लांट यांच्याकडे गेले. मोठ्या दुकानांत माल शिल्लकच नव्हता. लाप्लांट यांनी सीलबंद खोके काढून दिले. खोक्यावर आपल्या विभागाची चिकटपट्टी होती. मी विचारले, हे तुमच्याकडे कसे? ते म्हणाले, "बाई, हा तुमच्याच काउंटीचा माल. उन्हाळ्यात लिलाव झाला ना, त्यात मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाखाली होता. मला खुर्च्याच हव्या होत्या. हे खोकं त्यांनी वर फुकट टाकलं."

मी नंतर चौकशी केली. शेरीफच्या कार्यालयाच्या एका योजनेसाठी घेतलेल्या या डिस्क, ती योजना रद्द झाल्यावर, आपण 'निरुपयोगी सामान' या सदरात काढून टाकल्यात. त्या खोक्याची किंमत मी भरली. कितीला, ते येथे लिहीत नाही, कारण त्यावरही आपण स्पष्टीकरण मागाल.

५. डिस्क आणल्या त्याच दुपारी मी प्रत करायला घेतली. मुलाखती आडनावांच्या क्रमाने लावलेल्या आहेत. ए, बी, सी असे करत संगणक पुढे सरकत होता आणि मी शेजारी बसून होते. 'मॅटिला' हे आडनाव पूर्ण झाले आणि जुनी डिस्क थांबली. दुरुस्ती करणाऱ्यांनी ती उघडून पाहिली. आतली चकती खरवडली गेली आहे, आता काही निघणार नाही, असे त्यांनी लेखी कळवले. म्हणजे 'मॅटिला'नंतरचे सगळे गेले.

६. या घटनेनंतर आपल्याकडून आलेला कागद तो हाच, संदर्भातला. त्यात दुसरा परिच्छेद असा आहे की, खोक्यावरील चिकटपट्टी पाहता सदर डिस्क काउंटीची मालमत्ता असून ती माझ्या ताब्यात असणे गैर आहे, तरी आतील मजकूर पुसून त्या भांडार विभागात जमा कराव्यात. महोदय, वाचलेले आवाज त्याच डिस्कवर आहेत. मी त्या देणार नाही. आपण शेरीफला पाठवावे. त्यांचे आजोबा 'के'मध्ये आहेत. मी त्यांना आधी ते ऐकवीन, मग काय जप्त करायचे ते त्यांनी ठरवावे.

७. आता मूळ मुद्दा. श्रीमती आउने सारी या नव्वदी ओलांडलेल्या बाई दर शनिवारी आमच्या कक्षात येतात. येताना वेलदोडा घातलेला पाव आणतात. त्यांचे पती रेइनो सारी यांची मुलाखत आमच्याकडे 'एस'मध्ये होती. तीत रेइनो सांगतात की, नाचाच्या कार्यक्रमात आउनेने स्वतःहून त्यांचा हात धरला. ते वाक्य आले की बाई दर वेळी यंत्राकडे बघून म्हणतात, "खोटं बोलतोय मेला." मग तेच वाक्य पुन्हा लावायला सांगतात. त्यांच्या घरी रेइनोचा दुसरा कुठलाही आवाज नाही.

सप्टेंबरपासून मी त्यांना यंत्र दुरुस्तीला दिले आहे असे सांगत आले आहे. त्या म्हणतात, "असू दे गं. रेइनोला वाट बघायला लावायची सवय होतीच." पाव ठेवतात, थोडा वेळ हेडफोन हातात घेऊन बसतात आणि जातात. हे खोटे बोलणे माझ्या कामात बसत नाही. यापुढे मी ते बोलणार नाही.

सबब, माझी मागणी पैशांची नाही, बढतीची नाही व माफीचीही नाही. आपण येत्या शनिवारी कक्षात यावे, श्रीमती सारी यांच्यासमोर बसावे, आणि रेइनो यांचा आवाज आता कुठे आहे ते आपल्या तोंडाने त्यांना सांगावे. प्रतिनिधी पाठवू नये. श्रीमती सारी यांना कमी ऐकू येते, त्यामुळे आपणास ते मोठ्याने, आणि बहुधा दोनदा सांगावे लागेल.

आपली,
('नम्र' हा शब्द जाणूनबुजून वगळला आहे)

लेम्पी हार्युला
स्थानिक इतिहास कक्ष, काउंटी ग्रंथालय
दिनांक : १२ नोव्हेंबर