हात न पोहोचणारा खटका

सुरत, शुक्रवार, १४ मार्च १९६९

बमरोलीच्या रंगाईच्या गिरणीत आज अपघाताची चौकशी केली. सुकदेवचा डावा हात मशीनच्या रुळांत सापडला, बोटं गेली. मॅनेजर म्हणाला, "भूल एनी ज छे, इन्स्पेक्टरसाहेब. निष्काळजीपणा लिहून टाका." इस्पितळात सुकदेवही तेच बोलला, "चूक मनीच शे, साहेब." पण बघत होता दाराशी उभ्या मुकादमाकडे.

कापडाला सुरकुती पडली की चालत्या रुळांवरच हात घालून काढायची, असं सगळेच करतात. मशीन थांबवलं तर मुकादम ओरडतो. मग चूक एकट्या सुकदेवची कशी? आणि तो बंद करायचा खटका! मशीन बंद असताना मी डावा हात रुळापाशी धरला, उजव्याने खटका गाठायला गेलो. पोहोचलाच नाही. सुकदेव तर माझ्याहून बुटका.

खटका अलीकडे बसवेपर्यंत मशीन चालवू नका, असं सांगून घरी आलो. संध्याकाळी सुकदेवची बायको दारात. म्हणाली, त्याच मशीनवर तिच्या दिराला उभं केलं होतं.

तसाच सायकलवर गेलो. मशीन थांबवलं, बंदीचा हुकूम तिथेच लिहून दिला. मॅनेजर एवढंच म्हणाला, "शेठ वरपर्यंत बोलतील." बोलतील. बदली झाली तर मुलांच्या शाळेचं काय, हे डोक्यातून जात नाही.

फाटकापाशी दिराने विचारलं, "आते माले बी काढी टाकतीन का, साहेब?"

मी नाही म्हणालो. कशाच्या भरवशावर म्हणालो, कोण जाणे.